खाणवेस उन्हात का बसते

पाव्हणं, आधी उजवीकडं बघा. मैदानाच्या उत्तरेला ती पत्र्याखालची गॅलरी दिसते ना, ती या मैदानावरची सगळ्यात चांगली जागा. सावली आहे, पाठ टेकायला भिंत आहे, दोन्ही गोलपोस्ट सरळ डोळ्यांसमोर. तिथं बसलेत ते तळपेठेचे आणि बाहेरगावचे लोक. आणि इथं पूर्वेच्या गोलमागं, या उघड्या दगडी पायऱ्यांवर, मावळतीचं ऊन सरळ तोंडावर घेत बसलीय ती आमची खाणवेस. मैदान आमच्या पेठेत, आणि सगळ्यात वाईट जागाही आमच्याच वाटणीची. मुरवाड्यात नवीन आलेला माणूस विचारतोच, हे काय खूळ म्हणायचं? नगरपालिकेनं या पायऱ्यांवरही पत्रे घातले होते. पेठेनं अर्ज करून ते काढायला लावले.

मला इथं सगळे बापूसो म्हणतात. मी खाणवेस तालमीकडून फुटबॉल खेळलो, माझा बाप खेळला. हकीकत आमच्या आज्याच्या वेळची. त्यांनी सांगितली तशी सांगतो. खरीखोटी तुम्ही ठरवा.

हे मैदान म्हणजे मूळची दगडाची खाण. जहागीरदारांच्या वाड्याला, गावच्या वेशीला, नदीच्या घाटाला दगड लागला तो इथला. दगड संपला आणि हा खड्डा उरला, पूर्व-पश्चिम लांब. श्रीमंतांना, म्हणजे जहागीरदारांना, पुढं फुटबॉलचा नाद लागला. त्यांनी खड्ड्यात माती भरून मैदान केलं. म्हणून आमचे गोल उगवतीला आणि मावळतीला आहेत. जाणकार म्हणतात की असं करू नये, उन्हाचा त्रास होतो. पण खाण कुणाच्या सोयीनं खणत नाहीत.

तेव्हा दोन तालमी नावाजलेल्या, आमची खाणवेस आणि नदीकडची तळपेठ. कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही तालमीतच. आमचे वस्ताद रंगराव साळोखे. माणूस करारी, पण संशयी. दूध पिताना आधी दुसऱ्याला घोटभर पाजायचे, असं सांगतात. आणि आमचा गोलकीपर दौलू इंगवले. गुऱ्हाळावर गुळव्या होता. उकळत्या रसाकडं नुसतं बघून गूळ कधी उतरायचा ते सांगायचा. त्याची नजर इतकी तयार की बॉल पायावरून सुटायच्या आधी दौलू त्या बाजूला सरकलेला असायचा. त्याच्या एकुलत्या बहिणीला, तानूबाईला, तळपेठेत दिलं होतं. तेव्हा याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पोरी द्यायच्याच असतात, आणि नदी काही लांब नव्हती.

महाशिवरात्रीच्या आसपास श्रीमंतांनी बक्षीस ठेवलेल्या ढालीचा शेवटचा सामना असायचा. त्या वर्षी तो याच दोन तालमींत लागला. आमची पेठ उत्तरेच्या बांधावर चिंचांच्या सावलीत बसलेली, तळपेठ दक्षिणेला. श्रीमंत आल्याशिवाय सामना सुरू होत नसे आणि त्या दिवशी त्यांना उशीर झाला. दुसऱ्या डावात दौलू या पूर्वेच्या गोलात आला तेव्हा दिवस कलला होता. बरोबरी चाललेली. शेवटी शेवटी तळपेठेच्या एका गड्यानं मैदानाच्या मध्यातून उंच बॉल मारला. त्यात जोर नव्हता. देवळात कुणी नारळ झेलायला टाकावा तसा तो आला म्हणे. दौलू जागचा हलला नाही. हातसुद्धा वर गेले नाहीत. बॉल त्याच्या खांद्यावरून जाळ्यात गेला.

चिंचेखालून सगळ्यांनी बघितलं. स्वच्छ बघितलं.

लोक मैदानात धावले. दौलू एवढंच म्हणाला, "बॉल दिसला न्हाई."

"एवढा भोपळ्यागत बॉल दिसला न्हाई?"

"न्हाई दिसला. समोर नुसतं ऊन हुतं."

आता बघा, संशय कसा उगवतो. एकाला आठवलं की आदल्या दिवशी दौलूच्या घरी तळपेठेतून डबा आला होता. भाच्याच्या जावळाचं जेवण होतं ते, पण डबा आला होता हे खरं. दुसऱ्यानं त्याला मेव्हण्याबरोबर घाटावर बोलत उभा बघितलं होतं. तिसरा म्हणाला, सामन्याआधी तळपेठेच्या कप्तानानं हात मिळवला तो जरा जास्तच वेळ. तोवर यातल्या एकाही गोष्टीला अर्थ नव्हता. गोल झाला आणि सगळ्यांना अर्थ आला.

वस्ताद म्हणाले, उगाच अन्याय नको, खात्री करू. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाच-दहा जाणती माणसं घेऊन ते या गोलात उभे राहिले आणि पलीकडून बॉल मारायला लावला. पण त्या दिवशी आभाळ आलं होतं. बॉल लख्ख दिसला. एक म्हातारा म्हणाला म्हणे, "वस्ताद, उघडीप हुईस्तवर थांबूया." त्याचं कुणी ऐकलं नाही. माणसाला जे बघायचं असतं ते दिसलं की तो परत बघायला जात नाही.

तालमीत मारुतीपुढं पेठ बसली. दौलूला बोलावलं. ताटात शपथेचा बेलभंडारा ठेवला. वस्ताद म्हणाले, "दौलू, हा उचल. मी फितूर न्हाई म्हन. आमी कुनी परत नाव काढनार न्हाई."

दौलूनं ताटाकडं बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडं. यातल्या कित्येकांबरोबर तो लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला, "हितं मी जल्मलो. पेठंनं मला वळखलं न्हाई, तर देवाला कशाला मधी घालू?"

आणि त्यानं बेलभंडारा उचलला नाही.

झालं. जे अजून त्याच्या बाजूचे होते तेही गप्प झाले. खरा असता तर उचलला असता, हेच सगळ्यांच्या मनात. तेवढ्यात तानूबाई तालमीच्या दारात आली. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नसतं, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच ती म्हणाली, "माझ्या डब्यावनं त्याच्यावर आळ आलाय. ताट हिकडं आना. मी उचलते."

"तू मधी पडू नगंस, आक्का," दौलू म्हणाला. "तू माघारी जा. तिकडचं घर संभाळ."

कारण तिकडंही हेच चाललं होतं. तळपेठेत कुजबूज होती की ही भावाच्या कानात आपल्या तालमीच्या गोष्टी सांगते. त्या दिवसापासून तानूबाईचं माहेर तुटलं. चोरून धान्याचं गाठोडं पाठवायची तेवढंच.

निघताना दौलू उंबऱ्यावर थांबला आणि बोलला. आमच्यात त्याला दौलूची आण म्हणतात. "आजपासनं मी गोलात उभा ऱ्हानार न्हाई. पर मॅच बघायची सोडनार न्हाई. त्या गोलमागं, उन्हात बसून बघीन. ज्याला माझं खरं-खोटं करायचं असंल, त्यानं माझ्या शेजारी येऊन बसावं."

तेव्हा इथं या पायऱ्या नव्हत्या. खाणीचे उरलेले उघडे टप्पे होते. गुरंसुद्धा तिथं थांबत नसत. दौलू तिथं एकटा बसायला लागला. पेठ तिकडं चिंचेखाली. आणि पेठेचे निम्मे डोळे बॉलवर, निम्मे दौलूवर.

उन्हात बसलेला माणूस कपाळावर हात धरणारच. त्यानं हात धरला की चिंचेखाली कुजबूज, खूण केली. हात खाली घेतला की दुसरी खूण. तो डावीकडं सरकला आणि तळपेठेनं डावीकडून चढाई केली, की झालं सिद्ध. तो काहीच न करता बसून राहिला तर लोक म्हणत, आज सावध झालाय. आमची पेठ तेव्हा बरेच सामने हरली. दौलू नव्हता म्हणून हरली, पण म्हणायचे की दौलू आहे म्हणून हरलो.

शेवटी वस्तादांनी केरबाला बोलावलं. केरबा चौगले म्हणजे दौलूच्या वेळचा राखीव गोलकीपर; दौलू गेल्यावरही त्याला गोलात घेतलं नव्हतं. आळ घेताना सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तो हाच. वस्ताद म्हणाले, "त्यानंच बोलावलंय न्हवं शेजारी? जाऊन बस. काय खुना करतोय, कुनाकडं बघतोय, समदं येऊन सांग."

केरबा गेला. पहिल्या दोन-तीन सामन्यांनंतर त्यानं येऊन सांगितलं की काही विशेष नाही. मग त्यानं येणंच सोडलं. लांबून लोकांना दिसायचं ते असं, की केरबा दौलूच्या अगदी खेटून बसलाय, त्याच्या कानाला लागून सारखं काहीतरी कुजबुजतोय, आणि दौलू मान हलवतोय. सामना संपला की दौलू केरबाच्या खांद्यावर हात टाकून घरी जायचा. तालमीतल्या दोन गोलकीपरांचं एवढं गूळपीठ कधी कुणी बघितलं नव्हतं.

"केरबा बी फुटला," वस्ताद म्हणाले.

त्यातच दौलू गुऱ्हाळावर जायचा बंद झाला. घरीच बसायचा. लोक म्हणाले, काम करत नाही आणि चूल पेटते, ती कुणाच्या जिवावर? बघा, मिळालं उत्तर.

मग केरबावर नजर ठेवायला दोघं गेले. ते दोघं परत येऊन म्हणाले, त्या टोकाकडून सामना जरा वेगळाच दिसतो. एवढ्यावरून त्या दोघांचाही संशय आला. त्यांच्यामागं त्यांचे भाऊ गेले, भावांवर नजर ठेवायला त्यांचे साडू गेले. या आळीवर त्या आळीचा विश्वास नाही, म्हणून दोन्ही आळ्या गेल्या. असं करत, दरसाल थोडी थोडी, चिंचेखालची पेठ उठून उन्हात गेली. दौलूवर माया आली म्हणून नव्हे. एकमेकांवरची नजर काढायची हिंमत नव्हती म्हणून. आम्ही काही थोर माणसं नव्हतो, पाव्हणं, हे नीट ध्यानात घ्या. चिंचेखालची सावली मोकळी झालेली बघून तळपेठ येऊन तिथं बसली, ती आजतागायत तिथंच आहे.

चिंचेखाली शेवटी एकटे वस्ताद उरले. एकटा माणूस मात्र स्वतःचाच संशय घ्यायला लागतो. पुन्हा एकदा ढालीचा शेवटचा सामना या दोन तालमींत लागला तेव्हा तेही काठी टेकत आले आणि दौलूच्या बरोबर मागच्या टप्प्यावर बसले. दौलूनं मागं वळून बघितलं नाही. वस्तादांनी मनात म्हटलं, मला बघून न बघितल्यासारखं करतोय.

त्या दिवशीही सामना उशिरा सुरू झाला. तळपेठेनं मुद्दाम उशीर केला असं आमच्यातले कित्येक अजून म्हणतात. मी काही म्हणत नाही. दुसऱ्या डावात आमचा नवा गोलकीपर शामू या पूर्वेच्या गोलात आला. बरोबरीच होती. तुम्ही बघाल, पश्चिमेला डोंगराला एक खिंड आहे. वर्षातल्या थोड्याच दिवसांत सूर्य बरोबर त्या खिंडीत उतरतो, आणि उतरला की दोन्ही बाजूंच्या डोंगराच्या भिंतींमधून ऊन पन्हाळीतल्या पाण्यासारखं सरळ या टोकाला येतं. चिंचेखाली बसलेल्याला ते कधीच कळत नाही. ते त्याच्या बाजूनं निघून जातं.

तळपेठेनं मध्यातून बॉल उंच मारला. पायाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढं काही नाही. अख्खी खाणवेस समोर बघत होती आणि समोर पांढरा जाळ होता. मैदान नाही, माणसं नाहीत, बॉल नाही. कुणी हाताचा आडोसा केला, कुणी मान वाकडी केली. वस्तादांनी शेजारच्याला विचारलं, "बॉल कुटं गेला रं?" शेजाऱ्याला माहीत नव्हतं. त्याच्या शेजाऱ्यालाही नव्हतं. पेठ कधी नव्हे ती चिडीचूप झाली.

त्या शांततेत दौलूचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "केरबा, थांबलास का? सांग की. बॉल कुठाय?"

आणि केरबा म्हणाला, "दौलूदा, आता मला बी दिसत न्हाई."

तेवढ्यात पलीकडच्या सावलीतून तळपेठेची आरोळी उठली. तिच्यावरून आम्हाला कळलं की आमच्यावर गोल झाला.

वस्ताद उठले आणि पुढं येऊन दौलूच्या समोर उभे राहिले. दौलूचे डोळे उघडे होते. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. वस्तादांनी त्याच्या तोंडासमोरून हात फिरवला. पापणी लवली नाही.

"कवापासनं?" वस्तादांनी केरबाला विचारलं.

"मी हितं बसाय आलो तवाच लई अंधुक दिसत हुतं त्येला," केरबा म्हणाला. "नंतर समदंच गेलं. मी मॅच सांगायचो, त्यो ऐकायचा."

"मग बोलला का न्हाईस?"

दौलूच बोलला, "काय बोलनार, वस्ताद? सोंग करतोय म्हनला असतासा."

म्हणालेच असते. जो माणूस खुणा करतो म्हणून अख्खी पेठ वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून बसली, त्याला समोरचं माणूससुद्धा दिसत नव्हतं. वस्तादांनी काठी टाकली आणि त्याचे पाय धरले. दौलूनं पाय ओढून घेतले. "माझा निकाल लागला," तो म्हणाला. "पर त्यो शामू गोलात रडत असंल. त्येला कुनी काय बोलू नगासा. त्येला जाऊन सांगा, आमाला बी दिसला न्हाई."

अख्खी पेठ मैदानात उतरली. शामूला वाटलं, मारायला आले. तो पळायला लागला म्हणे. त्याला धरून, उचलून खांद्यावर घेतला. हरलेल्या गोलकीपरला खांद्यावर घेऊन नाचणारी तालीम तळपेठेनं पहिल्यांदाच बघितली. त्यांना त्यातही काहीतरी कावा वाटला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद एकटे नदी ओलांडून तळपेठेत गेले. लोक काठ्या घेऊनच पुढं आले. वस्ताद तानूबाईच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, माहेराला चल."

ती पाणी घेऊन बाहेर आली. पाणी दिलं. मग म्हणाली, "येते. पर वस्ताद, माज्या भावाचं डोळं बी आनून देतासा काय?"

वस्तादांनी पाण्याचा तांब्या न पिताच उंबऱ्यावर ठेवला असं सांगतात. तानूबाई मात्र आली. वस्तादांनी मरेपर्यंत पुन्हा कुणापुढं बेलभंडारा ठेवला नाही, आणि आमच्या तालमीत खेळाडूला शपथ घालायची चाल तेव्हापासून मोडली.

दौलू पुढं बरीच वर्षं इथंच बसायचा. केरबा शेजारी. हे टप्पे घडवून पायऱ्या केल्या त्या पेठेनं, स्वतः घण मारून. कुणीतरी म्हणालं, आता उत्तरेला परत जाऊ, सावली मागून घेऊ. कुणी उठलं नाही.

हे सगळं असंच झालं असेल का? मला विचाराल तर मी हो म्हणेन, मी खाणवेसचा आहे. तळपेठेत विचारलंत तर ते डोळा मिचकावून म्हणतील, "दौलू? आवो, त्यो आमचाच मानूस हुता." आमच्या पेठेतही एक-दोन घरं आहेत, नावं घेत नाही, ती अजून म्हणतात की डोळे नंतर गेले, पहिल्या गोलाचं काय? आभाळ आलेल्या दिवशी बॉल दिसला होता, हेही ती माणसं विसरलेली नाहीत.

आजही ढालीच्या सामन्यात तळपेठेत दिलेल्या आमच्या लेकी सासरची गॅलरी सोडून या पायऱ्यांवर येऊन बसतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की तू कुणाकडून. आजही आमच्या गोलकीपरला शिवी द्यायची असेल तर आधी इथं येऊन, ऊन खिंडीत उतरेपर्यंत बसावं लागतं. सावलीत बसून दिलेली शिवी पेठ मोजत नाही. आणि ऊन उतरलं की आजही सगळी पेठ गप्प होते, आणि ज्याला दिसतं तो शेजारच्याला हळूच सांगत राहतो.

बसा, दुसरा डाव सुरू होतोय. फक्त पाव्हणं, तो काळा चष्मा तेवढा काढून खिशात ठेवा. इथं एवढ्या उन्हात ज्याला नीट दिसतंय, त्याचा लोकांना भरवसा वाटत नाही. हसू नका. पलीकडच्या पायरीवरची ती दोघं मघापासनं तुमच्याकडंच बघाय लागलीत.